दम

शनिवारी जन्मला म्हणून शिनवार.
आडनाव बरफ.
रेशनच्या दुकानातला माणूस दरवेळी हसायचा,
आजा दरवेळी म्हणायचा, "वितळलो नाय अजून."

आरेतल्या तबेल्यात एकतीस वर्षं शेण उचललं त्यानं.
हातांना दोन वास, एक म्हशींचा,
दुसरा मेणाचा, जो साबणानं जायचा नाही.
लहानपणी त्या तळव्यात नाक खुपसून मी झोपायचे.

तारपा करायचा म्हणजे आधी वाट बघायची.
भोपळा वेलीवरच सुकू द्यायचा.
बांबू अंधाऱ्या पाखात तोडायचा, नाहीतर भुंगा लागतो.
ताडाचं पान सावलीत वाळवायचं.
जिभली इतकी पातळ तासायची
की पलीकडून नखाची लाली दिसावी.
यातलं त्यानं सांगितलं काहीच नाही.
मला नुसता दिवा धरायला लावायचा,
आणि दिवा हलला की
"हं."

मग मोजणी झाली, चिठ्ठ्या निघाल्या,
आणि ठेच लागावी तसा
आम्हाला अकरावा मजला लागला.

आज्यानं खिडकीच्या जाळीला रंगाची बादली टांगली,
तिच्यात पाड्यावरची माती, मातीत बी.
वेल वर कुठे जाणार? खाली गेली,
ड्रेनेजचा पाइप धरून, दहावा ओलांडून, नवव्यावर.
तिथे धरला भोपळा.
आणि एका रविवारी शबनमबीनं
तो कोवळाच काढून चण्याच्या डाळीत शिजवला,
वाटीभर वर आम्हालाही पाठवला.
आज्यानं खाल्ला. बोटं चाटत म्हणाला,
"वाजंल आता कोणाच्या तरी पोटात."

नवं भात आल्याशिवाय तो तारप्याला तोंड लावत नसे.
एकदा मे महिन्यात पवईच्या हॉटेलची गाडी आली.
त्याला भलताच फेटा बांधला,
पाहुण्यांच्या वाटेवर उभं केलं.
तीन तास तो गाल फुगवून उभा राहिला,
आत फुंकर एक नाही.
स्पीकरवर दुसरंच काही चालू होतं, कुणाला कळलं नाही.
दोन हजार मिळाले.
आजीला चप्पल, मला कंपासपेटी,
उरलेल्यातून कणसरीला नारळ,
दंड म्हणून.

जोगेश्वरीच्या इस्पितळात, शेवटच्या आठवड्यात,
सिस्टरनं त्याच्या हातात प्लास्टिकचं ते खेळणं दिलं,
तीन कप्पे, तीन गोळे.
"ओढा बाबा, जमेल तेवढं."
त्यानं नळी ओठांत धरली, डोळे मिटले.
तिन्ही गोळे वर गेले
आणि वरच राहिले.
सिस्टर मोजत होती, मग मोजायची थांबली.
शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.
वाजत काहीच नव्हतं,
पण माझी टाच आपोआप
फरशीवर पडायला लागली होती.

फुप्फुसं ठणठणीत होती म्हणे.
बिघाड रक्तात होता.

तारपेवाल्याकडे पाठ करून नाचायचं नसतं.
रात्र सरली, फेर तुटला, पाय सुजले,
तरी तोंड त्याच्याकडेच.
त्याला खाली न्यायचं तर लिफ्टमध्ये तो आडवा मावेना,
आणि उभा करायला आजीनं नाही म्हटलं.
मग जिन्यानं.
मी सगळ्यांच्या पुढे होते.
अकरा मजले उतरले, उलट्या पावलांनी,
कठडा चाचपत,
प्रत्येक वळणावर कुणीतरी ओरडत होतं,
"पोरी, समोर बघ!"
मी समोरच बघत होते.

भात कापून झालं असेल तेव्हा, गावाकडे,
शबनमबीनं बेल वाजवली.
हातात भोपळा, तपकिरी, हलका, लाकडागत टणक.
"पाइपामागे लपला होता," ती म्हणाली,
"मला दिसत होता रोज. काढला नाही."

कानाशी धरून हलवला. आत बिया.

भोक नेमकं कुठे पाडायचं
ते आम्हा कुणालाच ठाऊक नाही.
भावानं सुरी तापवली आहे.
ट्यूबलाइट चालू असूनही मी दिवा धरला आहे,
हात हलतोय,
आणि सुरी टेकवण्याआधी दोघंही
जरा थांबलो आहोत.